नारळ कुणाच्या हातात

शुक्रवारी रात्री ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज येतो, रविवारची गोल्फची कॉम्पिटिशन, कोण कोण येणार, अंगठा दाखवा. आणि मग अंगठे येतात. चौदा येतात. शनिवारी दुपारपर्यंत त्यातले चार गळतात, कुणाच्या कुळदेवाची जत्रा निघते, कुणाच्या व्याह्यांना अचानक रविवारीच यायचं असतं. रात्री जेवणं झाल्यावर आणखी तीन, त्यात एकाचं पोट, ते दर महिन्याला त्याच सुमाराला बिघडतं. राहतात सात. गेली दोन वर्षं मी हे बघतेय, आमच्या क्लबाचा आकडा सातच आहे, बाकीचे अंगठे नुसते शोभेचे.

क्लब म्हणजे तरी कसला, स्वतःची जागा नाही, ऑफिस नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मडगावच्या दुकानातून नावं कोरून आणलेला एक कप, आणि कॅप्टनच्या डिकीत एक निळी बादली जिच्यात बक्षिसं असतात. कॅप्टन खराच कॅप्टन नव्हे बरं का, तो तारवटी, तीस वर्षं बोटीवर काढली, ती पण इंजिनरूममध्ये, पण बोटीवरून आलेल्या माणसाला आमच्याकडे कॅप्टन म्हणायचीच पद्धत. गोल्फ तो जगभरच्या बंदरांत शिकला. मी बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर शिकले, म्हणजे अजून शिकतेच आहे.

तसं गोवा आणि गोल्फ हे जमून आलेलं लग्न नाहीच. तिकडे कलकत्त्यात १८२९ पासून गोल्फ क्लब आहे, इंग्लंड-स्कॉटलंडच्या बाहेरचा सगळ्यात जुना म्हणतात तो. आमच्याकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज, त्यांनी पाव दिला, आडनावं दिली, गोल्फ काही दिला नाही. आता हॉटेलांमुळे आलाय तेवढाच, एक मोबोरला बारा होलांचं कोर्स, एक काणकोणात राजबागला नऊ होलांचं. बारा होलांचं कोर्स म्हटलं की आमचे निवृत्त हेडमास्तर अजून पाटी-पेन्सिल काढतात, अठरा करायला दीड फेरी मारायची म्हणजे नेमकं थांबायचं कुठे. नऊचं बरं, दोनदा फिरा, झालं. म्हणजे एकाच खड्ड्यात एकाच सकाळी दोनदा जायची सोय.

तर एप्रिलचा शेवटचा रविवार. मडगावहून पहाटे निघाले तेव्हा पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा नुकता सुरू झाला होता. करमलचा घाट उतरताना काचा खाली केल्या की पिकलेल्या काजूचा तो आंबूस वास गाडीत शिरतो, अर्धा गोड अर्धा कुजका, ज्याला आवडतो त्याला आवडतो. पावणेसातला पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथे, सगळे हजर. सात जण म्हणजे एक चौकडी आणि एक तिकडी. चौकडीत कॅप्टन, हेडमास्तर, मडगावचा हार्डवेअरवाला, आणि पाळोळ्यात भाड्याने राहून पुण्याचं काम करणारा आयटीतला पोरगा. तिकडीत डॉक्टर, वकीलबाई आणि मी. कॅप्टन म्हणतो चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाडतो. दोन वर्षांत चिठ्ठ्यांनी मला एकदाही चौकडीत पाठवलेलं नाही.

आम्ही स्टेबलफोर्डने खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे स्टेबलफोर्ड म्हणून एक इंग्रज डॉक्टर होते, त्यांनी ही पॉइंटांची पद्धत काढली आणि १९३२ साली लिव्हरपूलच्या जवळच्या वॉलेसी क्लबात पहिल्यांदा तिच्यावर स्पर्धा झाली. ते कोर्स समुद्राकाठचं, वारा असा की पहिल्या दोन-तीन होलांवरच माणसाच्या कार्डाची वाट लागायची आणि मग उरलेला दिवस नुसती पायपीट. डॉक्टरांनी काय केलं, प्रत्येक होलाचा हिशेब वेगळा केला. तुमच्या हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या जादा फटक्यांची, सूट धरून पार झाला, म्हणजे त्या होलाला ठरवून दिलेल्या फटक्यांत झाला, तर २ पॉइंट, त्याहून कमीत झाला तर जास्त, एक फटका जास्त लागला तर १, त्याहून जास्त कितीही लागले, आठ लागोत की अठरा, भोपळा, बॉल उचला नि पुढे चला. मला हा माणूस फार आवडतो. एका होलाचं पाप दुसऱ्या होलावर न्यायचं नाही, एवढी दया आमच्या बँकेत व्याजाच्या हिशेबातही नव्हती.

माझा हँडिकॅप ३४. म्हणजे अठरापैकी सोळा होलांवर दोन-दोन फटक्यांची सूट आणि उरलेल्या दोन होलांवर एकेक. ऐकायला खूप वाटतं. पुरत नाही.

आणि खेळणारे थोडे असले की एक गंमत होते, किंवा पंचाईत म्हणा. पन्नास जणांच्या स्पर्धेत माणूस हरवून जाऊ शकतो. तिसावा आला काय नि चौतिसावा आला काय, कुणी विचारत नाही, घरी सांगताना "मधेच कुठेतरी" म्हणता येतं. सातांत मधेच कुठेतरी अशी जागा नसते. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, कुणाचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, उजवीकडे जातो, कोण पट्टच्या, म्हणजे होलाजवळच्या हलक्या टोल्याच्या, आधी नाक पुसतो, कुणाच्या सुनेचं काय चाललंय. बॉल हरवला की सातातले निम्मे शोधायला येतात, आणि शोधायला मिळतात तीन मिनिटं, पूर्वी पाच होती, २०१९ पासून तीन केली. डॉक्टर फोनवर टायमर लावतात, सुरूच्या झाडांखाली ते पिंग वाजेपर्यंत आम्ही तिघं कमरेत वाकून, लांबून बघणाऱ्याला वाटेल कुणाचं मंगळसूत्र पडलंय. मदतनीस कॅडी पोरगा मात्र वाकत नाही. तो उभ्या उभ्या विचारतो, "बाय, चेंडू खंय गेलो?" आणि आपणच जाऊन काढून देतो.

डॉक्टरांचं त्या दिवशी काय झालं ते सांगायलाच हवं. पार थ्रीच्या, म्हणजे तीन फटक्यांच्या, होलावर निअरेस्ट टू द पिन ठेवलेलं, म्हणजे टीवरून मारलेला बॉल झेंड्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा त्याला बक्षीस. डॉक्टरांनी बॉलच्या डोक्यात मारली. तो सरपटत गेला, वाटेत जांभ्याचा एक दगड वर आलेला त्याला आपटला, बंकरची, वाळूच्या खड्ड्याची, कड चढला आणि एखादा पाहुणा चुकीच्या मांडवात शिरून पहिल्या पंगतीला बसावा तसा ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर, जाऊन बसला. झेंड्यापासून चार पावलं. आधी गेलेल्या चौकडीतल्या एकाचाही ग्रीनवर नव्हता, आम्हा दोघींचा तर प्रश्नच नाही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण डॉक्टरांनी बॅग अशी उचलली की जणू हेच ठरवून मारलं होतं. पावलं मोजायला कॅप्टन लांबून परत आला, बोटीवरची सवय, मोजमाप दुसऱ्यावर सोडत नाही.

आता सहावं होल. पार फोर, दोन फेऱ्यांत दोनदा लागतं, आणि त्याच्या फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या कडेला टिटवीने अंडी घातलेली. एप्रिलमध्ये घालतेच ती, उघड्या जमिनीवर, घरटं म्हणजे नुसता एक तळव्याएवढा खळगा आणि त्यात चार खडे टाकलेले. चार अंडी होती, मातकट, त्यांवर काळे शिंतोडे, कुणी ओल्या मातीच्या हाताने शाईचा पेन झटकावा तसे, आणि चारही अंड्यांची टोकं आत एकमेकांकडे वळलेली, टेबलावर डोकी जवळ आणून कुजबुजणाऱ्या माणसांसारखी. दोन हातांवर उभं राहून दिसत नाहीत, एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही. कॅडी पोरांनी बाजूला एक काठी रोवून लाल चिंधी बांधलेली. आमचा नियम कॅप्टनने कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवलाय, टिटवीजवळ बॉल गेला तर उचलून दोन क्लब, म्हणजे खेळायच्या दोन काठ्या, लांब टाका, दंड नाही.

पहिल्या फेरीत माझा बॉल तिकडे गेला नाही. दुसऱ्या फेरीत बरोबर गेला. उचलला, दोन क्लब लांब टाकला, उभी राहिले. वकीलबाईंचा बॉल पलीकडे काजूत गेलेला, डॉक्टर टायमर लावून तिकडे, कॅडी त्यांच्या मागे. फेअरवेवर मी आणि टिटवी. ही समुद्राशी भांडून आपली अंडी परत मिळवलेली जात, माझ्यासारखी बाई हातात सात नंबरचा आयर्न घेऊन उभी राहिली तर ती काय भिणार. मी क्लब मागे नेला आणि ती डोक्यावरून सूं करून गेली, ओरडत, तिचे पिवळे पाय दिसले मला एवढ्या जवळून. मी मारलं. बॉल होता तिथेच. मी नुसता वारा कापला होता.

नियम असा आहे की मारायच्या इराद्याने क्लब फिरवला म्हणजे तो फटका, बॉलला लागो न लागो. इरादा माझा होता. बघितलं कुणी नव्हतं. पुन्हा उभी राहिले, मारला, बरा गेला, मग आणखी दोन-तीन असं करत ग्रीनवर पोचले आणि पट्ट टाकला. तो वारा धरला नाही तर सात फटके, दोनाची सूट, १ पॉइंट. धरला तर आठ, भोपळा. ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत चाळीसेक पावलं असतील, त्या चाळीस पावलांत मी टिटवी हा निसर्गाचा प्रकोप कसा धरता येईल याचा बराच विचार केला. आमच्यात डॉक्टर माझं कार्ड लिहितात, मी वकीलबाईंचं, त्या डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणाले, किती? मी म्हटलं, आठ. त्यांनी मान हलवली, पण पेन काही हलला नाही. मी वाकून बघितलं तर आठ आधीच लिहिलेला होता.

"तुम्ही तर काजूत होता."

"टिटवी एवढी बोंबलत होती, कोण बघणार नाही?" डॉक्टर म्हणाले.

बाकीचे होल सांगण्यासारखे नाहीत. दहा वाजून गेले की त्या उन्हात माणूस खेळत नसतो, नुसता संपवत असतो. शेवटच्या ग्रीनवर मात्र, अठराव्या, बारा फुटांचा पट्ट होता माझा, उतारावरचा. गोल्फचं होल सव्वाचार इंचांचं असतं, साधारण करवंटीच्या तोंडाएवढं, आणि बारा फुटांवरून ते बाटलीच्या बुचाएवढं दिसतं. मी फार बघत बसले नाही, घाम डोळ्यात जात होता. मारला आणि तो वळून वळून कडेला टेकला, क्षणभर विचार केला, आणि आत. मी ओरडले. वकीलबाईंनी टाळ्या वाजवल्या. ह्या टाळ्या लक्षात ठेवा.

मग हॉटेलबाहेरच्या नेहमीच्या टपरीवजा जागेत, माडांखाली, उर्राकाचे, काजूच्या हलक्या दारूचे, ग्लास आले, लिम्का, मीठ, उभी चिरलेली मिरची. उर्राक हा दोन-तीन महिन्यांचाच पाहुणा, मेनंतर मिळणार नाही, म्हणून एप्रिलच्या स्पर्धेला कॅप्टनचं भाषण लांबतं. बादली आली. कॅप्टनचा एक नियम आहे, एकाला एकच बक्षीस, म्हणजे बक्षिसं फिरती राहतात आणि लोकांचे अंगठे येत राहतात. बक्षिसं सहा. पहिला, दुसरा, तिसरा, निअरेस्ट टू द पिन, लॉंगेस्ट ड्राइव्ह, आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्याला नारळ. हातात नारळ देणे, असा विनोद कॅप्टनला सुचलेला आहे आणि तो दर महिन्याला करतो, आणि आम्ही सहा जण दर महिन्याला हसतो.

आता बघा. सात माणसं, सहा बक्षिसं.

कप हार्डवेअरवाल्याला, ३७ पॉइंट. दुसरा स्वतः कॅप्टन, तिसरे हेडमास्तर. लॉंगेस्ट ड्राइव्ह पोराला, तो त्यालाच असतो, आमच्यात पाठ न दुखणारा तो एकटाच. डॉक्टर २६ वर पण त्यांना ते सरपटलेलं निअरेस्ट. राहिलो आम्ही दोघी. वकीलबाई २२, मी २२. बरोबरी झाली की काउंटबॅक, म्हणजे शेवटच्या नऊ होलांचे पॉइंट बघायचे. त्यांचे ११, माझे १२. मी सहावी, त्या सातव्या. नारळ त्यांना. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, फोटो निघाला.

तो बारा फुटांचा पट्ट हुकला असता तर मी २१ वर असते आणि नारळ माझा होता. सहाव्या होलावर सात सांगितले असते तर २३, तरी सहावीच, तरी रिकामीच. म्हणजे त्या चाळीस पावलांत मनाला एवढं पिळून काढलं ते फुकट, आणि ज्यावर नाचले त्यानेच घात केला. अख्ख्या क्लबात रिकाम्या हाताचं एकच माणूस, आणि ते शेवटचंही नाही. हेडमास्तर म्हणाले, वर्गात सगळ्यात जास्त दुर्लक्ष काठावर पास होणाऱ्या मुलावर होतं, नापासाकडे निदान शिक्षक बघतो. हे सांत्वन होतं का निरीक्षण ते कळलं नाही. फोटोत मी ग्लास धरून उभी आहे, काहीतरी हातात असावं म्हणून.

परत येताना काणकोणच्या चावडी बाजारात थांबले. पाणी घ्यायचं होतं. पाण्याच्या दुकानाच्या शेजारी एक बाई सोललेले नारळ मांडून बसली होती, शेंड्या ठेवून, अगदी बादलीतल्यासारखे. एक उचलला, कानाशी हलवला, पाणी वाजलं. पैसे दिले.

घरी दारातच सासूबाईंनी पिशवीत बघितलं.

"नारळ मिळालो?"

मी म्हटलं, हो.

आतून नवऱ्याने पेपर खाली केला, त्याला आमची सगळी पद्धत पाठ आहे. "म्हणजे शेवटची आलीस?"

"हो," मी म्हटलं, आणि नारळ फोडायला घेतला.