उसांबाराच्या डोंगरातली केळी

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. मी, केरळच्या एक सिस्टर आणि गाडी चालवायला मिशनचे वयस्क ड्रायव्हर, ज्यांना सगळे 'म्झे' म्हणतात, म्हणजे वडीलधारे. टांझानियात येऊन मला आठ महिने झाले होते, पण कोरोग्वेची आमची शाळा सोडून मी जवळजवळ काहीच पाहिलं नव्हतं. जानेवारीत कोरोग्वेला उकाडा असह्य असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिसल, आपल्याकडच्या घायपातीची बहीण, ओळीत लावलेली. हे झाड मूळचं इथलं नव्हे. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हजार रोपं मागवली, त्यातली ६२ जगली. या भागातले एवढे अफाट मळे त्या ६२ रोपांपासून उभे राहिले.

मोंबोला मोठा रस्ता सोडून उजवीकडे वळलो आणि उसांबारा डोंगरांचा घाट लागला. इथून आम्हाला जायचं होतं ते डोंगरातलं लुशोटो ३३ किलोमीटर, आणि तेवढ्यात जवळपास हजार मीटर चढायचं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल ओढा. सोनी गाव यायच्या आधीच आमच्या जुन्या जीपच्या बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. "गारी इमेचेमका," म्झे म्हणाले. गाडी उकळली.

त्या दगडी वळणावर आम्ही दोघी नन्स रस्त्यात उभ्या. दोन मिनिटांत चार पोरं आली, डोक्यावर मुसलमानी विणलेल्या टोप्या. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी चाकांमागे दगड लावले. एकजण पिवळा कॅन घेऊन ओढ्याकडे पळाला. परत आल्यावर कॅन खाली ठेवून तो आधी माझ्यासमोर वाकला, "शिकामो, सिस्टा." मी म्हटलं, "माराहाबा." शिकामो म्हणजे तुमचे पाय धरतो. लहानाने मोठ्याला हे म्हटल्याशिवाय इथे बोलणं सुरू होत नाही. आमच्या घरी आजीच्या पाया पडल्याशिवाय कोणी परगावी निघत नसे, तसंच. मी खिशातून पैसे काढले तर पोरांनी हात मागे घेतले.

स्वाहिली शिकताना मला पहिला धीर शब्दांनीच दिला होता. गाडी ती गारी, दुकान ते दुका, साबण तो साबुनी, हिशेब तो हेसाबू, रंग तो रांगी. पैशाला पेसा आणि चपातीला चपातीच. समुद्रावरून शेकडो वर्षं व्यापार करणाऱ्यांनी हे शब्द इकडून तिकडे नेले असतील. घाटात उभी असताना पोरांची निम्मी कुजबुज मला कळत होती आणि मन भरून आलं.

सोनीच्या पुढे डोंगर उघडला. पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यात कोबी, गाजर, बटाटा, बांधावर केळी. दार-एस-सलामच्या बाजारात जाणारी कितीतरी भाजी या उतारांवर पिकते. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होत्या. मी वसईच्या वाडीत वाढले. पाटाला पाणी सोडलं की ओल्या मातीचा जो वास येतो तो आठ महिन्यांनी नाकात आला. मी म्झेंना गाडी थांबवायला सांगितली आणि थोडा वेळ नुसती बांधावर बसले.

लुशोटोला जर्मन काळात विल्हेल्म्सताल म्हणत. थंड हवा, निलगिरीची झाडं, जुनी दगडी घरं. बाजारात टोपल्याभर लालभडक प्लम मिळाले. दुपारी इरेंटेच्या कड्यावर गेलो. पायाखाली सरळ तुटलेला डोंगर आणि खाली मसाई लोकांचा गवताळ प्रदेश, आभाळाला भिडेपर्यंत सपाट. येताना मागे टाकलेला सगळा उकाडा तिथे खाली धुरकट दिसत होता. जवळच लुथेरन चर्चचं शेत आहे. तिथे घरचा पाव, चीज आणि जॅम खाल्लं. आपल्याकडे नर्सरीत कुंडीत मिळणारं आफ्रिकन व्हायलेट मूळचं याच उसांबारा डोंगरांतलं. १८९२ मध्ये टांगाचे जर्मन अधिकारी बॅरन फॉन सेंट पॉल-इलेर यांना ते इथे सापडलं. मला मात्र कुठे दिसलं नाही.

रात्री तिथल्या सिस्टरांकडे मुक्काम. दोन घोंगड्या घेऊनही थंडी वाजली.

रविवारची मिस्सा. स्वाहिलीतही 'मिसाच'. ढोल, टाळ्या, गायकवृंदाची एका तालात डुलणारी रांग. अर्पणाच्या वेळी लोक पैशांबरोबर घरचं पिकलेलं घेऊन आले. अंडी, उसाची मोळी, पाय बांधलेली कोंबडी. एका वाकलेल्या म्हातारीने केळ्यांचा घड आणला, जाड, लांब, कोनदार केळी. आमच्या राजेळीची आठवण यावी अशी. इथे त्याला म्झुझु म्हणतात.

मिस्सेनंतर अंगणात या वस्तूंचा लिलाव होतो, पैसे देवळाला. मी घडावर पाच हजार शिलिंग बोलले. मागून एकजण आठ बोलला. मी दहा. तो पंधरा. माझ्याकडे दहाच हजार होते, मी गप्प बसले. त्याने पैसे भरले, घड उचलला आणि आणून माझ्या पायाशी ठेवला. "झावादी, सिस्टा." भेट. ज्या म्हातारीने तो आणला होता ती हसत टाळ्या वाजवत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

कोरोग्वेला केळी चार दिवस पिकू दिली. मग सोलून, काठ्यांच्या ताटीवर मांडून पत्र्यावर वाळत घातली. संध्याकाळी आत, सकाळी पुन्हा उन्हात, आई करायची तशीच. आठवड्याने ती आक्रसली, मधासारखा रंग चढला. वसतिगृहातल्या मुलींना एकेक तुकडा दिला.

"हे काय, सिस्टा?"

"सुकेळी."

सगळ्यात लहान मुलीने तुकडा गालात धरला, डोळे मिटले. "सुकारी?" म्हणजे साखर.

"सुकारी नाही गं. सुकेळी. ळ. जीभ टाळ्याला लाव."

तिने लावली. "सुकेली," ती म्हणाली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.