दीड मिनिटाची साकी

फोनवर गाणी शफल करून ऐकायची सवय कुणाच्या मुळावर आली असेल, तर ती छोट्या गाण्यांच्या. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द वॉल’ अल्बममधलं ‘व्हेरा’ असंच अवचित लागतं. जुन्या युद्धपटातले तुटक संवाद, स्फोटांचे आवाज, मग गिटार आणि व्हायोलिनांच्या आधाराने बँडचा गायक-गीतकार रॉजर वॉटर्सचा कातर स्वर. काय चाललंय हे कळेपर्यंत गाणं आटोपतं. दीड मिनिट! लगोलग किशोरकुमार.

जुन्या संगीत नाटकांत मोठ्या पदांच्या अधेमधे साकी-दिंडीसारखी छोटी पद्यं असायची. वन्समोर पदाला, पण कथा पुढे न्यायचं काम साकीकडे. १९७९च्या या डबल अल्बममध्ये ‘व्हेरा’ तेच करते. अल्बमच्या कथेतला पिंक नावाचा रॉकस्टार स्वतःभोवती भिंत बांधून बसलाय. भिंत पुरी झाली, आता आत करायचं काय? तर आठवत बसायचं. त्याला आठवते व्हेरा लिन.

दुसऱ्या महायुद्धातली ही ब्रिटिश सैनिकांची लाडकी गायिका. ‘पुन्हा भेटू’ असं वचन देणारं तिचं गाणं १९३९चं. १९४४ साली ती थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन गायली. तिथल्या फौजेत बहुसंख्य जवान आपलेच होते. पिंक विचारतो, भेटू म्हणाली होतीस, तुझं पुढे झालं काय? खरं तर बाईंचं झकास चाललं होतं. अल्बम आला तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या. २००९ साली, वयाच्या ९२व्या वर्षी, त्यांचा गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला! २०२० साली वारल्या तेव्हा वय १०३. पण ही चौकशी त्यांची नव्हतीच.

रॉजर पाच महिन्यांचा असताना, १८ फेब्रुवारी १९४४ रोजी, त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स इटलीत आंझिओला मारले गेले. देह मिळाला नाही. कबर ठाऊक नसलेल्या सैनिकांची नावं इटलीतल्याच कासिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यात त्यांचं आहे. आणि त्याच स्मारकावर आपल्या रायगडच्या नाईक यशवंत घाडग्यांचंही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे घाडगे त्याच वर्षी १० जुलैला इटलीतच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे कळल्यापासून ‘व्हेरा’ मला निव्वळ विलायती गाणं वाटेनासं झालं.

वडिलांवर सहा मिनिटांचं रडगाणं लिहायला वॉटर्सला कुणाची आडकाठी होती? पण इथे तो बापाचं नावही काढत नाही. एका गायिकेला जाब विचारतो आणि थांबतो. उरलेला आक्रोश पुढच्या गाण्यात ढोल आणि कोरस करतात: पोरांना घरी आणा.

त्यानंतर ‘कम्फर्टेबली नम्ब’, ज्याची सगळे वाट बघत असतात. त्यातली बँडच्या डेव्हिड गिल्मरची ती गिटार थोरच, वाद नाही. पण तिच्या घाईत ‘व्हेरा’ ओलांडून जाणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी शफल बंद करून ती अख्खी तिसरी बाजू ‘हे यू’पासून लावते. स्फोट सुरू झाले की आतून आई ओरडते, “अगं, आवाज कमी कर!” करत नाही.