तुम्ही विचारलंत म्हणून: लाईट नसताना आमचं नेट कसं चालतं?

गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, फोनवर ऑफिसची माणसं विचारतात. शेजारचे काका तर गडग्यापलीकडूनच ओरडतात, "लाईट नाय, तरी तुझा नेट कसा चालता रे?" दरवेळी मी "बॅटरी आहे" एवढंच सांगून सुटतो. ते खरं आहे, पण अर्धंच.

आमचं घर कणकवली तालुक्यात, फोंडाघाटाच्या अंगाला, वाडीतलं शेवटचं. इथवर फायबर आलेली नाही. सिमकार्ड घातलेला फोर-जी राऊटर, त्यावरच माझं हिशेबाचं काम चालतं. जूनमध्ये वारा सुटला की कुठेतरी आकेशियाची फांदी तारेवर येते आणि लाईट जाते, कधी दोन तास, कधी दोन दिवस. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तर सहा दिवस अंधार होता.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं, राऊटर घरच्या इन्व्हर्टरला लावला. दीडशे ॲम्पिअर-अवरची मोठी बॅटरी, म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. राऊटर खातो जेमतेम 6 वॉट. मला वाटलं, आठवडा निघेल. पंखे, दिवे, टीव्ही सगळं बंद ठेवूनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्व्हर्टरची टूं टूं सुरू! मग डोक्यात प्रकाश पडला. इन्व्हर्टर बॅटरीतल्या 12 व्होल्टचे 230 करतो, राऊटरचा अडॅप्टर त्या 230 चे परत 12 करतो, आणि हा उलटसुलट कारभार चालू ठेवायला इन्व्हर्टर स्वतःच 15-20 वॉट गिळतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते इथे अगदी हिशेबाला उतरतं. शिवाय साध्या ॲसिडवाल्या बॅटरीचा निम्म्याहून जास्त उपसा वारंवार केला की तिचं आयुष्य घटतं, ते वेगळंच.

राऊटर पालथा करून पोटावरचं लेबल वाचलं: 12 व्होल्ट, 1 ॲम्पिअर. म्हणजे मधल्या 230 ची गरजच नव्हती. आता 12.8 व्होल्टची, 20 ॲम्पिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी माळ्यावर ठेवली आहे. चार्ज होताना तिचा व्होल्टेज 14 च्या वर जातो, म्हणून आत काहीही आलं तरी बाहेर 12 च देणारं एक छोटं मॉड्यूल मध्ये बसवलंय. बॅटरीच्या प्लसला अगदी खेटून 3 ॲम्पिअरचा फ्यूज. एवढ्यावर राऊटर जवळजवळ दीड दिवस चालतो. कौलांवर 40 वॉटचं सोलर पॅनलही आहे, पण आषाढात ते नावालाच.

पहिला राऊटर मात्र मी स्वतःच्या हाताने मारला. त्याच्या पिनला आत प्लस, बाहेर मायनस लागतं. मी मल्टिमीटर लावून बघायच्या ऐवजी वायरच्या रंगावर विश्वास ठेवला. आवाज नाही, ठिणगी नाही, नुसता जळका वास. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय करपलं?"

एवढं सगळं झाल्यावर पुढच्या पावसात राऊटरचे दिवे छान लुकलुकत होते आणि नेट बंद. लाईट जाऊन चार तास झाले होते. माझी बॅटरी भरलेली, पण टॉवरची संपलेली! टॉवरलाही लाईट लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात. पुढे जनरेटर असला, त्यात डिझेल असलं आणि ते घेऊन येणाऱ्या गाडीच्या वाटेत झाड आडवं पडलेलं नसलं, तरच रेंज राहते. आमच्या बाजूला पावसात या तिन्ही गोष्टी एका वेळी क्वचितच जुळतात.

मग दुसऱ्या कंपनीचं सिम आणलं. तेही त्याच क्षणी मेलं. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची भांडी टांगलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. शेवटी एका रात्री लाईट गेलेली असताना टॉर्च घेऊन घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर चढलो आणि कुठल्या टॉवरचा लाल दिवा अजून जळतोय ते बघत बसलो. जवळचा गप्प होता. नदीपलीकडे, बराच लांब, एक दिवा दिसत होता. त्या बाजूची लाईन वेगळ्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून येणाऱ्या वेगळ्या मुख्य तारेवर आहे. त्या टॉवरवर जी कंपनी सापडली तिचं सिम घेतलं, आणि पाच मीटरच्या केबलवर एक दिशादर्शी अँटेना तिकडे तोंड करून लावली. केबल मुद्दाम आखूड ठेवली, कारण लांब केबलमध्येच निम्मी रेंज मुरते. ओल्या झाडीतून 2300 मेगाहर्ट्झची रेंज धड पोचत नाही, 850 आणि 900 ची बऱ्यापैकी येते. म्हणून राऊटर त्या खालच्या बँडवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवरच बांधून ठेवलाय. वेग कमी मिळतो, पण माझ्या एक्सेलच्या फायली जातात. वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आधी मात्र अँटेनाची केबल काढून ठेवतो. तेवढा वेळ नेट नाही.

गेल्या पावसाळ्यात लाईट जाऊन दुसरा दिवस उजाडला होता. वायरमन भिजून चिंब अंगणात आला. मला वाटलं, शिडी हवी असेल. म्हणाला, "दादा, मोडलेल्या पोलाचो फोटो साहेबांका पाठवूचो आसा, तुमच्याकडे नेट आसा मा?" पासवर्ड दिला. फोटो जाईपर्यंत त्याचा चहाही पिऊन झाला.