मीठबंदरापासून सुरुवात

ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ची. २०२२ साली तिला ४० वर्षं होत होती, म्हणून चरईतल्या आमच्या वाचनकट्ट्याने त्या दिवशी सकाळी इतिहासफेरी आणि संध्याकाळी गाण्या-नाटुकल्यांचा कार्यक्रम करायचं ठरवलं. फेरीचा मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला आराखडा मी तलावपाळीपासून केला. सगळ्यांना सोयीची जागा, समोर कौपिनेश्वर, पलीकडे चर्च. तो कागद घेऊन चेंदणी कोळीवाड्यात गेले, कारण संध्याकाळी तिथल्या बायकांनी कोळीगीतं म्हणावीत अशी विनंती करायची होती. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठाण्याला चाळीस वर्षं कशी होतील? माझ्या लग्नालाच साठ झाली. आणि खाडीवर कधी येणार तुम्ही?"

माझ्या मार्गात खाडी नव्हतीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शिलाहार राजांचं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणे, वसलं ते खाडीमुळे. पोर्तुगीज आले ते याच पाण्यातून. मिठाची गलबतं लागायची ती इथेच. ठाणे पूर्वेच्या रस्त्याचं नाव अजून मीठबंदर रोड आहे. मी तीस वर्षं या शहरात राहते आणि ठाणे हे शहर रेल्वे स्टेशनपासून सुरू होतं असंच मनात धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. ही संस्था १८९३ची, म्हणजे माझ्या फेरीतला एक थांबा खरं तर तीच. तिथे वाचता वाचता १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना सापडलेल्या ताम्रपटाची हकिकत पुन्हा नीट वाचली. शिलाहार राजा अरिकेसरीचा तो ताम्रपट शके ९३९चा, म्हणजे इ.स. १०१७चा. चाळीस कुठे आणि हजार कुठे! फेरी मीठबंदरावरून सुरू करायची, हे तिथेच नक्की केलं.

आजींना सांगायला गेले तर त्यांनी वेळ विचारली. मी आठ म्हटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला: नवरात्रातली षष्ठी, तिथीची पाऊणपट केली की साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती. "सात वाजायच्या आत या. आठला आलात तर चिखल बघाल." आम्ही साडेसहा केले.

खरी अडचण वाराची होती. १ ऑक्टोबरला शनिवार आला होता आणि मार्गात टेंभी नाक्याजवळचं १८७९चं सिनेगॉग होतं. शनिवार हा ज्यू लोकांचा शब्बाथ, काम बंद ठेवायचा पवित्र दिवस. कोकणात बेने इस्राएलांना, म्हणजे इथल्या ज्यूंना, 'शनिवार तेली' म्हणत ते याचसाठी, की ते शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यात त्यांच्या नववर्षानंतरचे ते पवित्र दिवस. मग फेरी रविवारी न्यावी, तर चर्चमध्ये सकाळची मिसा. दोन दिवस आमच्यात यावर वाद झाला. शेवटी शनिवारच ठेवला. सिनेगॉगसमोर रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं, फोटो नाही, माइक नाही, माहिती आधीच्या चौकात सांगून टाकायची. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. ज्यांचा वारसा दाखवायचा, त्यांचा दिवस मोडून तो कसा दाखवणार?

परवानग्यांचं फार सांगण्यासारखं नाही. अर्ज तीन प्रतींत, सोबत मार्गाचा नकाशा, लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. नवरात्राच्या बंदोबस्तामुळे खेपा जास्त पडल्या, एवढंच. त्रास झाला तो सभागृहाचा. पैसे भरून, पावती घेऊनही आठ दिवस आधी आमची तारीख दुसऱ्या समारंभाला देऊन टाकली. मी तिथे पायरीवर बसून रडले. मग एका सोसायटीने आपलं अंगण मोकळं करून दिलं. सतरंज्या त्यांच्याच, चहाही त्यांचाच.

फेरीला माझ्या अंदाजापेक्षा जास्त माणसं आली. खाडीवर पाणी होतं. आजी स्वतः उभ्या होत्या आणि पहिली दहा मिनिटं त्याच बोलल्या.

कोर्टनाक्याजवळ, जुन्या किल्ल्यातल्या कारागृहाबाहेर मात्र मला बोलणं जड गेलं. पोर्तुगिजांनी १७३०मध्ये बांधायला घेतलेला, १७३७मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आलेला आणि १७७४मध्ये इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला, एवढं सांगून झालं. मग १९ एप्रिल १९१०, याच कारागृहात तीन क्रांतिकारकांना फाशी दिली तो दिवस. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. आमच्यासोबत अकरावीतला एक मुलगा होता. त्याला मी तिन्ही नावं वाचायला सांगितली. त्याने ती सावकाश वाचली आणि वाचून झाल्यावर कागद घडी घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी मुलांनी १६ एप्रिल १८५३ची, मुंबईहून ठाण्याला आलेली पहिली रेल्वेगाडी अंगणात आणली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं झालेली तीन मुलं पुढे, मागे चौदा डब्यांची चौदा मुलं, कमरेला धरून. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून निघाल्याची घोषणा झाली आणि अंगणाला तीन फेऱ्या मारून गाडी ठाण्यात पोचली. तिचं स्वागत करायला कोळीवाड्याच्या बायका नऊवारीत उभ्या होत्या. हे तालमीत नव्हतं. त्या आपणहून उठल्या, गाणं धरलं, आणि डबे सुटून मुलंच त्यांच्यात नाचायला लागली.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन आजींकडे गेले. मिठाच्या गलबतांचं त्यांना आठवतं तेवढं उतरवून घेते आहे. सध्या बारा पानं झाली आहेत.