क तुकडीचा पहिला तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि छड्या यांवर इतर मंडळी भरभरून लिहितीलच, हे गृहीत धरून मी विषय मुद्दाम अरुंद निवडला : नव्या विद्यार्थ्यांसमोर शिक्षक पहिल्यांदा उभा राहतो, तो तास. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवत असल्यामुळे दर जूनमध्ये तो माझ्याही वाट्याला येतो, आणि त्याची तयारी करताना बी.एड.ला घोटून घेतलेल्या प्रस्तावना कौशल्याहून आपल्या शाळेतील तीन शिक्षकांची आठवण मला अधिक उपयोगी पडते.

मी 1984 साली पाचवीत आलो. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा संपली की आसपासच्या वाड्यांतली मुले हायस्कुलात येत आणि चौथीचे गुण पाहून त्यांच्या तुकड्या पाडल्या जात. बाजारपेठेतली, वकील-डॉक्टरांची मुले बहुधा अ तुकडीत असत, एस.टी.ने किंवा चिखल तुडवत चालत येणारे आम्ही क तुकडीत असू, आणि ती आपल्याला का मिळाली हे कोणी समजावून सांगण्याची गरज नसे. त्यामुळे वर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या शिक्षकाकडे पाहताना आमच्या मनात एकच शंका असे, की यांनी आपल्याविषयी आधीच काही ठरवून टाकले आहे काय. नव्या मुलांवर शिक्षकाची जी छाप पडते ती या शंकेच्या निरसनावर अवलंबून असते, असे माझे आजचे मत आहे. पेहराव, आवाज, हसतमुख चेहरा यांना महत्त्व नाही असे नाही, परंतु मुले त्यांच्याकडेही त्याच शंकेचे उत्तर शोधण्यासाठी पाहत असतात.

आमच्या वर्गशिक्षिका मराठी शिकवत. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडण्यापूर्वी त्यांनी फळ्यावर स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आणि आपण कोणत्या गावाहून, कोणत्या गाडीने येतो, हे सांगितले. ती गाडी आमच्यातल्या पाच-सहा जणांचीही होती. मग नावे घेताना त्या प्रत्येक नावाशी थांबत, आडनावाचा उच्चार बरोबर झाला का, असे विचारत आणि चुकला असेल तर हजेरीपटात पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवत. दाखल्यावरचे नाव एक आणि घरीदारी रुळलेले नाव दुसरे, अशी मुले आमच्यात बरीच होती. त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे त्यांनी त्यांनाच विचारले. एकाच नावाचे तिघे निघाले, तेव्हा जाड्या, काळ्या अशी सोयीची विशेषणे न लावता त्यांनी तिघांच्या वाड्यांची नावे जोडून घेतली. या सगळ्यात जवळजवळ अख्खा तास गेला आणि धडा काही सुरू झाला नाही. कोणा पर्यवेक्षकाने बाहेरून पाहिले असते, तर वेळेचा अपव्यय असा शेरा मारला असता!

बाईंनी त्या दिवशी जे विचारले नाही, त्याचे मोल मला शिक्षक झाल्यावर कळले. चौथीला किती गुण होते, वडील काय करतात, हे प्रश्न त्यांनी टाळले. वडील काय करतात हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो; पण ज्याचे वडील मुंबईला गिरणीच्या संपानंतर बेकार होऊन गावी परतले होते, किंवा ज्याला वडीलच नव्हते, त्या मुलाला साठ जणांसमोर उभे राहून त्याचे उत्तर द्यावे लागते. संपाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि अशी घरे आमच्याकडे थोडीथोडकी नव्हती. जातीचेही तेच. मागासवर्गीय मुलांनी उभे राहा, असे भर वर्गात सांगून शिष्यवृत्तीची माहिती गोळा करण्याची पद्धत त्या काळी सर्रास होती, आणि ज्यांना उभे राहावे लागे त्यांच्यापैकी कितीतरी जण ते अजून विसरलेले नाहीत. बाईंनी तपासायला घेतलेल्या वह्या परत करताना शिष्यवृत्तीचे आणि ई.बी.सी.चे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांच्या फीसवलतीचे, अर्ज ज्याच्या त्याच्या वहीत घडी घालून ठेवले. कोणाला कोणता कागद मिळाला, हे शेजाऱ्यालाही समजले नाही. पहिल्या दिवशी आम्हाला जो दिलासा वाटला होता, तो या कागदांनी पक्का केला.

याच्या उलट अनुभव पुढे शहरात शिकायला गेल्यावर आला. तेथील एका अध्यापकांनी पहिल्याच तासाला माझ्या बोलण्यातला कोकणी हेल उचलून त्याची हुबेहूब नक्कल केली. वर्ग खळखळून हसला, वातावरण मोकळे झाले आणि बहुतेकांना ते अध्यापक पहिल्या दिवसापासून आवडू लागले. ते शिकवतही उत्तम. मी मात्र वर्षभर त्यांच्या तासाला तोंड उघडले नाही. एकाला बळी देऊन बाकीच्यांवर छाप पाडणे सोपे असते, आणि विनोदाची देणगी लाभलेल्या शिक्षकांना हा मोह फार लवकर होतो.

इंग्रजीच्या सरांचा पहिला तास मला तपशिलासह आठवतो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू होई (पहिलीपासून ते राज्यात 2000 साली आले), त्यामुळे नवी कोरी चौरेघी वही समोर ठेवून आम्ही धास्तावून बसलो होतो. सरांनी पुस्तक उघडलेच नाही. सकाळी घरून निघून शाळेत पोहोचेपर्यंत तोंडी येणारे इंग्रजी शब्द सांगा, म्हणाले. बस, स्टँड, तिकीट, कंडक्टर, पेन, टेबल असे करता करता फळा भरला. कोणीतरी उत्साहाने ‘पाव’ असे ओरडले. सर हसले नाहीत. तो शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, असे सांगून त्यांनी तो फळ्याच्या कोपऱ्यात वेगळी चौकट आखून लिहिला. इंग्रजी आपल्याला थोडे येतेच, आणि चुकीच्या उत्तरालाही येथे जागा मिळते, या दोन्ही गोष्टी आम्हाला एकाच तासात समजल्या. त्यानंतर हात वर करायला कोणी कचरले नाही.

गणिताचे सर यांपैकी काहीच करत नसत. ते कडक होते, हसत क्वचितच. गृहपाठ रोज देईन, रोज तपासीन, वही दुसऱ्या दिवशी परत मिळेल, एवढे सांगून त्यांनी थेट उदाहरण घातले. वही खरोखरच दुसऱ्या दिवशी मिळाली, आणि चुकलेली पायरी नेमकी कोठे चुकली, तेथे लाल शाईची रेघ होती. क तुकडीच्या वह्या कोणी इतक्या बारकाईने पाहील, अशी आमची अपेक्षा नव्हती.

पहिल्या छापेवर संशोधनही झालेले आहे. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अध्यापकांच्या चित्रफितींतील, आवाज बंद केलेले, एकूण अर्ध्या मिनिटाचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले होते. त्यांचे मत आणि सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी दिलेले मत बरेचसे जुळले. माझ्या मते त्यावरून छाप लवकर पडते आणि टिकते एवढेच सिद्ध होते, मुले किती शिकली हे नाही. रोझेंथाल यांचेच लेनोर जेकबसन यांच्याबरोबरचे 1968 सालचे काम मला अधिक जवळचे वाटते. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत काही मुलांची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, ही मुले लवकरच चमकतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले, आणि वर्षाअखेरीस त्यांपैकी विशेषतः पहिली-दुसरीतल्या मुलांची प्रगती अधिक दिसली. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु पहिल्या दिवशी शिक्षकावर मुलांचीही छाप पडत असते आणि पुष्कळदा ती गुणपत्रकावरून आधीच पडलेली असते, हे क तुकडीत बसलेल्या कोणालाही पटेल.

आता शाळांमध्ये प्रवेशोत्सव होतो, मुलांना गुलाबपुष्प आणि पाठ्यपुस्तके मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला माझी एक विनंती आहे. पाचवीच्या नव्या मुलांची यादी वर्गशिक्षकाच्या हाती शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी पडावी आणि त्या यादीत गुणांचा रकाना नसावा. त्याऐवजी मूल कोणत्या वाडीतून, कोणत्या गाडीने येणार आणि ती गाडी किती वाजता पोहोचते, हे लिहिलेले असावे.