आमची वाटचाल: तव्याचा हिशोब आणि पाळीची वही

ट्रेकला पंचवीस जणांचा गट असला तर गावातल्या जेवणाला साठ भाकऱ्या लागतात. माणशी दोन, वर वाटाडे, गाडीचा ड्रायव्हर आणि दुसऱ्यांदा मागणारे. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, साठ भाकऱ्यांना साधारण सहा किलो पीठ. पिठाची अडचण नसते, अडचण तव्याची असते. एक भाकरी उतरायला तीन मिनिटं धरली तरी एका चुलीवर तीन तास जातात, आणि पहिली भाकरी तोवर चामट होते. नागलीला चिकटपणा नाही. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. म्हणून सगळं पीठ आधीच मळून ठेवता येत नाही. दुसरी चूल हवीच.

हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरच्या पाचनई आणि कुमशेत या गावांतल्या आमच्या कामाची घडी या हिशोबावर बसली. पुण्यातून चालणारी चार जणांची फर्म, ट्रेक हरिश्चंद्रगडाचे आणि रतनगड-हरिश्चंद्रगड या जोडरांगेचे. सुरुवातीला सगळ्यांसारखंच चालायचं: शिधा शहरातून, स्वयंपाकी शहरातला, गावातून फक्त एक वाटाड्या. गावाच्या वाट्याला एका माणसाची मजुरी आणि बिस्किटांचे कागद. मग जेवण गावात सांगायला लागलो, तर ते रस्त्याला लागून असलेल्या एकाच घराकडे जायचं. फोन त्यांच्याकडे, गाडी लावायला अंगण त्यांचं. वाडीतल्या आतल्या घरांना ट्रेकवाले फक्त दिसायचे.

आता बारा माणसांपुढे दोन घरं, हा नियम आहे. पैसे वाटून द्यावेत असा उदात्त विचार त्यामागे नव्हता, तव्यानेच तो लावून दिला. एक घर भाकरी थापतं, दुसरं पिठलं-भात करतं. पंचवीस जणांना सव्वा किलो बेसन आणि अडीच किलो तांदूळ पुरतो. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी, आणि हंगामात वाल किंवा रानभाजी. पनीर मागणारे असतात. नाही म्हणून सांगतो. देशी वाणांच्या बियाण्यांसाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच अकोले तालुक्यात आहे. अशा तालुक्यात येऊन शहरातलं पनीर खायचं कशाला?

स्वयंपाकाची पाळी कोणत्या घराची, ते वहीत लिहिलेलं असतं. वही गावातच राहते, आमच्याकडे तिचा फक्त फोटो. हे महत्त्वाचं आहे, कारण वही कंपनीकडे असली की भांडणाचा न्यायही कंपनीला करावा लागतो, आणि तो आम्हाला कधीच नीट करता येणार नाही. पाळी चुकण्याची कारणं ठरलेली: घरात आजारपण, लग्न, सुतक. अशा वेळी पाळी बाद धरली की ते घर कायमचं बाहेर पडतं. म्हणून पाळी फक्त पुढच्या फेरीवर सरकते.

आकडा गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा. शुक्रवारी दळण असतं. त्यानंतर माणसं गळाली तरी कळवलेल्या ताटांचे पैसे द्यायचे. हा तोटा आमचा, घराचा नाही. पैसे वाटाड्याच्या हातून पाठवत नाही, जिने रांधलं तिच्याच हातात देतो. कुमशेतकडे रेंजचा भरवसा नाही, मोबाइलवरून पैसे अडकले की मावशींना पुढच्या शनिवारपर्यंत वाट पाहावी लागते. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा जवळ ठेवायच्या.

वाटाड्याची मजुरी दिवसावर, डोक्यावर नाही. डोक्यावर ठेवली की गट फुगवण्याकडे कल जातो, आणि पाचनईच्या वाटेवर फुगलेला गट म्हणजे ओढ्यापाशी रांग. दहा माणसांमागे एक, पण कमीत कमी दोन, एक पुढे आणि एक शेवटच्या माणसामागे. मागचाही गावातलाच. शहरी लीडर प्रथमोपचाराची पेटी आणि नावांची यादी सांभाळतो. पुढे जायचं की परतायचं, हे वाटाडे दादा ठरवतात. पावसाळ्यात ओढा वाढताना आधी पाणी गढुळतं, मग पाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आणि आवाज खर्जात उतरतो. वर गडावर पडलेला पाऊस खाली यायला वेळ लागतो, म्हणून डोक्यावर ऊन असतानाही हे घडतं. पाणी गुडघ्याला लागलं की ओढा ओलांडायचा नाही. वरून परतताना असं झालं तर पाणी उतरेपर्यंत बसायचं. म्हणून माणशी एका वेळेचा कोरडा खाऊ जास्तीचा असतो आणि अशी वेळ आली नाही तर तो खाली उतरेपर्यंत फोडायचा नाही.

२०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणी आणि प्रशिक्षणाचा आग्रह आला. योग्यच आहे. पण जोडरांगेवरची कातराबाईची खिंड धुक्यात शोधणाऱ्या माणसाकडे प्रमाणपत्र नसतं आणि प्रमाणपत्रवाल्याला खिंड सापडत नाही. यावर एकच उपाय: प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा खर्च आम्ही करायचा आणि त्या दिवसांची मजुरीही द्यायची. बुडीत मजुरी कोण देणार, याच प्रश्नावर वाटाड्यांचं प्रशिक्षण अडतं.

जोडरांगेचा ट्रेक आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून निघून कातराबाईची खिंड चढली की प्रवरेचं खोरं मागे पडतं आणि मुळेच्या खोऱ्यात उतरतो. कुमशेत, पेठेची वाडी, मग पाचनई आणि गड. एका दिवसात गड करून परतणारा माणूस पैसे पायथ्याच्या एकाच गावात सोडतो. मुक्कामी चालणारा मधल्या वाड्यांमध्येही सोडतो. वाटाडे खोऱ्यागणिक बदलतो, रतनवाडीचे दादा कुमशेतला गट सोपवून परततात. शहरातून येणाऱ्यांना हे सामान टाकून दुसरी गाडी धरल्यासारखं वाटतं, पण ज्याचं रान त्याची वाट.

पाण्याचा प्रश्न सोडवायला आम्ही सर्वांत जास्त वेळ लावला. पंचवीस पाहुणे हात-पाय धुणार, संडासला जाणार. माणशी दोन बादल्या म्हणजे पन्नास बादल्या, आणि उन्हाळ्यात त्या बाईच्या डोक्यावरून येतात. ताटाच्या दरात हे श्रम कुणी धरत नाही. होळीनंतर मुक्कामी फेऱ्या बंद ठेवतो. काजव्यांचे दिवस नेमके मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, टंचाईच्या टोकाला येतात. भंडारदऱ्याभोवती तेव्हा गाड्यांचे दिवे असे लागतात की काजव्याने काजव्याला पाहावं कसं? मादीला नराची लुकलुक दिसली नाही तर जोडी जमत नाही. हा धंदा आम्ही सोडून दिला. त्यातली कमाई मोठी असते, हेही मान्य.

गाण्या-नाचाची मागणीही येते: ‘संध्याकाळी काही आदिवासी कार्यक्रम ठेवता का?’ ठेवत नाही. बोहाडा, म्हणजे देवांची सोंगं नाचवण्याचा उत्सव, देवाच्या आणि गावाच्या तारखेला होतो. गावाने बोलावलं तर मागे उभं राहून पाहायचं, फ्लॅश बंद ठेवून.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की पंधरा दिवस फेरी नसते, कारण त्या दिवसांत वाटाडा मिळाला तर तो स्वतःचं खाचर सोडून आलेला असतो. भात सोंगून झाला की नोव्हेंबरपासून जोडरांग सुरू होते. येणाऱ्याने स्वतःचं ताट, वाटी आणि पेला आणायचा, तीन लिटर पाण्याची सोय आणि कागद परत नेण्यासाठी एक पिशवी ठेवायची. हा परिसर १९८६ पासून अभयारण्यात आहे. प्रवेशशुल्काची पावती नाक्यावर घ्यायची आणि गडावर मुक्काम करायचा का, हे वनखात्याचा त्या हंगामाचा नियम पाहूनच ठरतं.