हसाजी म्हणजे यहेज्केल

‘आमच्या पणजोबांच्या कागदपत्रांत हसाजी असं नाव आहे. हे ज्यू नाव आहे का? अर्थ काय?’ हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहितो.

होय, कोकणातल्या बेने इस्राएलांचं, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं हे नाव आहे. मूळ हिब्रू नाव यहेज्केल. त्यात दोन भाग: ‘हजक’ म्हणजे बळकट असणं आणि ‘एल’ म्हणजे देव. देव बळ देवो, असा अर्थ. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात तिसऱ्या अध्यायात देव त्याला सांगतो, की लोकांच्या चेहऱ्यांसमोर मी तुझा चेहरा कठीण केला आहे. तिथे ‘कठीण’साठी याच धातूचा शब्द आहे. नावाचा अर्थ इतक्या ठसठशीतपणे मजकुरात उतरलेला क्वचितच सापडतो.

मग ‘हसा’ कुठून आला? नावातला पहिला ‘य’ बोलताना गळतो, आणि हे फक्त कोकणात घडलेलं नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या तोंडी हेच नाव ‘खास्कल’ झालं, बगदादमध्ये ‘हेस्केल’. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून यांच्या नावापुढे हेच हेस्केल येतं. ‘ज’ला लागून ‘क’ आला की त्या ‘ज’चा ‘स’ होतो. जीभ तो सोपा रस्ता धरते. आपल्याकडे उरलेल्या ‘हस’ला मराठी वळणाचा ‘जी’ लागला. शमुएलचा सामाजी झाला, तसाच यहेज्केलचा हसाजी.

याचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईत आहे. मांडवीची ‘शाआर हारहमीम’ ही मशीद (बेने इस्राएल सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाला, मशीदच म्हणत) 1796 साली बांधली सामाजी हसाजी दिवेकरांनी. इंग्रजी लेखनात तेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. माणूस एकच. सामाजी स्वतःचं नाव, हसाजी वडिलांचं, दिवेकर गावावरून.

वंशावळ लावताना चूक इथेच होते. एकोणिसाव्या शतकात बायबलची मराठी-इंग्रजी भाषांतरं आणि इंग्रजी शाळा आल्या, तशी ‘जी’ची नावं मागे पडली. त्यामुळे एका कागदावर हसाजी, दुसऱ्यावर इझिकेल, तिसऱ्यावर यहेज्केल असं दिसतं आणि लोक तीन माणसं मोजतात. आधी वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का ते पाहा. पुढे काही घरांत इझिकेल हेच आडनाव झालं, हेही लक्षात असू द्या. आणि हंसाजीशी गल्लत नको. हंबीरराव मोहित्यांचं मूळ नाव हंसाजी. ते वेगळं, त्याचा हिब्रूशी संबंध नाही. मोडीत किंवा पुसट शाईत अनुस्वार दिसत नाही, तेव्हा नुसत्या नावावरून घराणं ज्यू ठरवू नका.

केतुब्यासाठी (ज्यू विवाहाचा करारनामा) किंवा थडग्याच्या दगडासाठी हिब्रू अक्षरं हवी असतील तर सहा, याच क्रमाने: योद, हेत, झायिन, कोफ, आलेफ, लामेद. ‘हेत’ऐवजी ‘हे’ आणि ‘कोफ’ऐवजी ‘काफ’ हे अक्षर लिहिणं, या दोन चुका हमखास होतात, कारण मराठी कानाला दोन्ही जोड्या सारख्याच. मग धातूच बदलतो आणि ‘बळ’ नावातून निघून जातं. पडताळा सोपा आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला ठरलेला अंक असतो, ते मांडा: 10, 8, 7, 100, 1, 30. बेरीज 156 आली पाहिजे. योसेफ या नावाचीही बेरीज तीच येते, त्यामुळे आधी अक्षरं तपासा, मग बेरीज. आणि दगडावर कोरण्याआधी हिब्रू वाचणाऱ्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.